वाटाड्या

प्रवासवर्णनें वाचण्याचा नाद आम्हांस लहानपणापासून आहे, आणि त्या वाचनांत एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानांत आली आहे. ग्रंथकर्ता आपणांस लागलेली थंडी सांगतो, आपली भूक सांगतो, आपल्या मनांत उठलेले गंभीर विचारही सांगतो. परंतु ज्याच्या पावलावर पाऊल ठेवून तो गेला आणि जिवंत परत आला, त्याच्याविषयीं त्याच्या लेखणींतून दोन ओळींपलीकडे कांहीं उतरत नाहीं. 'आमचा वाटाड्या मोठा विश्वासू होता,' एवढ्यावर त्या बिचाऱ्याची बोळवण होते. आमच्या भाषेनेंही त्याची फारशी बूज राखिलेली नाहीं. विद्यापीठांत प्रबंधाच्या पहिल्या पानावर ज्याचें नांव छापतात तो मार्गदर्शक. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थी ज्याची घोकंपट्टी करितात तें गाइड. आणि ज्यास खरोखर वाट ठाऊक असते तो मात्र नुसता वाटाड्या! पहिल्या दोहोंशीं आमचा तीस वर्षांचा परिचय आहे. तिसऱ्याचा सहवास आम्हांस घडला तो वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, आणि तोही घरापासून फार दूर, उत्तरेच्या हिमांत. त्याची ही हकीकत.

आम्ही मूळचे बुलढाणा जिल्ह्यांतले, त्यामुळें लोणारचें सरोवर हा आमच्या बाळपणाचा एक भागच होय. दैत्यसूदनानें लवणासुरास मारिल्याची कथा आम्हीं आजीच्या तोंडून ऐकिली. आणि आकाशांतून पडलेल्या एका पाषाणानें काळ्या कातळांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर पाडिलें, हें पुढें पुस्तकांत वाचिलें. त्याच जातीचें दुसरें एक विवर कॅनडा देशांतील क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकास आहे. त्याचें नांव पिंगुआलुइत. त्याचा व्यास सुमारें ३.४ किलोमीटर, वय सुमारें १४ लक्ष वर्षें, आणि त्यांतील सरोवराची खोली २६७ मीटर. या दोन भावंडांतील एक विरोध आम्हांस पूर्वींपासून मोह घालीत असे. दोन्ही सरोवरांतून बाहेर पडणारा एकही ओढा नाहीं. असें असून लोणारचें पाणी इतकें खारें कीं तोंडीं धरवत नाहीं, आणि पिंगुआलुइतचें पाणी जगांतील अत्यंत निर्मळ पाण्यांत गणिलें जातें. लोणारास झरे आणि ओढे भूमींतील क्षार आणून देतात आणि आपलें ऊन पाणी तेवढें उचलून नेतें. पिंगुआलुइतास मात्र आकाशांतून पडेल तें हिम आणि पाऊस यांवांचून दुसरी आवक नाहीं. माँट्रियल येथें स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें जेव्हां लिहिलें कीं, इनुइट वाटाड्यांबरोबर हिवाळ्यांत या विवरापर्यंत पायीं जातां येतें, तेव्हां आम्हांस राहवलें नाहीं. २०२५ च्या मार्च महिन्यांत आम्ही निघालों.

वाचकांस हा प्रदेश नकाशांत पाहावयाचा असल्यास हडसन उपसागर आणि उंगावा उपसागर यांच्यामधील द्वीपकल्प पाहावें. तें नुनाविक नांवाच्या प्रदेशांत मोडतें. एवढ्या विस्तीर्ण भूभागांत अवघीं चौदा गांवें आहेत. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारी सडक नाहीं आणि दक्षिणेकडून येणारीही नाहीं. जावयाचें तें विमानानें. 'एस्किमो' हें आमच्या शाळेंतील भूगोलाचें नांव परक्यांनीं दिलेलें. ते लोक स्वतःस इनुइट, म्हणजे माणसें, असें म्हणवितात, आणि एकटा असेल तर इनुक. आम्ही उतरलों तें गांव कांगिक्सुयुआक; नांवाचा अर्थ मोठा उपसागर, वस्ती सुमारें आठशें. तेथील पाट्यांवरची लिपि पाहून आम्ही थबकलों. एकच आकृति, परंतु तिचें तोंड फिरविलें कीं तिचा स्वर बदलतो. जेम्स इव्हान्स नांवाच्या धर्मोपदेशकानें १८४० च्या सुमारास क्री लोकांकरितां ही लिपि रचिली आणि पुढें ती इनुइटांकडे आली. तिच्या रचनेवर देवनागरीचीही छाया आहे, असें कित्येक अभ्यासक मानितात. इतक्या दूर आपल्या बाराखडीचें एखादें लांबचें नातें भेटावें, याचा आम्हांस मोठा आनंद झाला.

निघण्यापूर्वीं एक दिवस गांवांत काढावा लागला, आणि त्या दिवशीं जें पाहिलें तें प्रथम सांगितलें पाहिजे. या किनाऱ्यावर भरती-ओहोटींतील अंतर फार मोठें असतें. हिवाळ्यांत समुद्र गोठून वर बर्फाचें जाड छत होतें. ओहोटीस खालचें पाणी निघून जातें आणि किनाऱ्यालगत त्या छताखालीं कांहीं वेळ पोकळ गुहा उरते. गांवचे लोक बर्फास भोंक पाडून त्यांतून खालीं उतरतात आणि समुद्राच्या उघड्या तळावरचे शिंपले वेंचतात. भरती परत येण्यापूर्वीं वर यावयाचें. हातीं वेळ असतो अर्ध्या घटकेपासून सव्वा घटकेपर्यंत. आमच्या वाटाड्यांची बहीण, पन्नाशीची बाई, कंदील आणि बादली घेऊन त्या भोंकांतून खालीं गेली. आम्ही वर उभे राहून घड्याळाकडे पाहत होतों. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतें. ती बर्फाचा आवाज ऐकत होती. बादली भरली नव्हती, तरी ती वर आली. आणि थोड्याच वेळानें खालून पाण्याची खळखळ ऐकूं आली.

आमच्या मंडळींत सहा पाहुणे आणि दोन वाटाडे होते. एक साठी उलटलेले, बुटके, मितभाषी. त्यांस आम्ही येथें थोरले म्हणूं. दुसरा त्यांचा भाचा, पंचविशींतला, हंसतमुख, तो धाकटा. थोरले आमच्यापुढें चालत. धाकटा सामानानें लादलेली घसरगाडी स्नोमोबाइलला जोडून मागून येई. त्या गाडीस कामुतिक म्हणतात. तिच्या आडव्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नसतात, दोरीनें आवळलेल्या असतात; त्यामुळें खडबडीत बर्फावर ती लवते, पण मोडत नाहीं. ही त्यांच्या घरची वस्तु. आमच्या पायांतल्या स्कीच्या पट्ट्या मात्र त्यांच्या नव्हत, त्या स्कँडिनेव्हियाच्या. स्नोशू म्हणून जे रुंद जाळीदार पायतण असतें, तें विशेषेंकरून दक्षिणेकडील अरण्यांत राहणाऱ्या लोकांचें. कारण झाडींत हिम भुसभुशीत राहतें आणि पाय मांडीपर्यंत रुततो. या वृक्षहीन माळावर वारा हिमास असा चोपून काढतो कीं साधा बूटही फारसा रुतत नाहीं. तेव्हां थोरल्यांनीं स्की शिकली ती पाहुण्यांच्या हौसेखातर, आणि याचें त्यांस मनांतून हंसूं येत असावें. आम्ही स्वतः माँट्रियलजवळच्या टेकड्यांवर आठ दिवस पडण्याचा अभ्यास करून आलों होतों. तो चांगलाच उपयोगीं पडला.

गांवापासून विवर सुमारें शंभर किलोमीटर. तितक्या वाटेंत थोरल्यांनीं आम्हांस आज्ञा अशी एकच केली: घाम येऊं देऊं नका. उणे पंचवीस अंशांच्या थंडींत आपण गारठून मरूं, अशी नवख्याची भीति असते. परंतु तेथें माणसाचा घात होतो तो बहुधा ओल्या कपड्यानें. चालतांना आलेला घाम थांबल्याबरोबर गोठतो. म्हणून चढ लागण्यापूर्वींच ते थांबत आणि प्रत्येकास अंगावरचा एक कपडा उतरावयास लावीत. विसाव्यास थांबलों कीं पाणी पिण्याच्या आधीं तो पुन्हां चढवावयाचा. आमच्यांतील एक तरुण गृहस्थ पळण्याच्या शर्यतींत भाग घेणारे होते. त्यांस ही गोगलगाईची चाल असह्य होई. तिसऱ्या दिवशीं मात्र तेच सर्वांत मागें होते आणि थोरल्यांच्या चालींत केसाचाही फरक पडला नव्हता.

दुसरी एक गोष्ट त्यांनीं सांगितली नाहीं, ती आम्हांस पाहून कळली. ते थोड्या थोड्या वेळानें मागें वळून पाहत. प्रथम आम्हांस वाटलें, ते आम्हांस मोजीत आहेत. परंतु त्यांची दृष्टि आमच्या डोक्यांवरून पलीकडे जाई. विचारलें तेव्हां म्हणाले कीं, भूमीस दोन तोंडें असतात. जातांना दिसतें तें एक आणि परततांना दिसतें तें दुसरें. ज्यानें पहिलेंच पाहिलें, त्यास घरची वाट सांपडत नाहीं. हें बोलून ते पुन्हां चालूं लागले. एवढें लांब वाक्य त्या दिवशीं त्यांच्या तोंडून दुसरें निघालें नाहीं.

चौथ्या दिवशीं आकाश आणि भूमि यांचा रंग एक झाला. ढगांतून येणारा उजेड सर्वत्र सारखा पसरल्यामुळें कशाचीही सावली पडेना. समोर चढ आहे कीं उतार आहे हेंही डोळ्यांस कळेना. अशा वेळीं आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों असतों. थोरले मात्र चालतच होते. वारा हिमाच्या पृष्ठभागावर लहान लहान कठीण वरंबे कोरतो; त्यांतील जे जिभेच्या आकाराचे असतात, ते एका ठराविक प्रबळ वाऱ्यानें घडलेले असून त्यांची दिशा सहसा बदलत नाहीं. इनुइट लोक त्यांस जिभेवरूनच बनलेल्या नांवानें ओळखतात. थोरले त्या जिभा पायांनीं चाचपीत, आणि त्यांस ठराविक कोनांत छेदून पुढें जात. खिशांत उपग्रहाशीं बोलणारें यंत्र होतें. तें त्यांनीं संध्याकाळीं मुक्कामास पोंचल्यावर काढिलें, आणि तेंही आमच्या समाधानासाठीं.

आम्ही व्यवसायानें अध्यापक. म्हणून त्यांच्या शिकविण्याच्या रीतीकडे आमचें लक्ष विशेष होतें. एके सायंकाळीं धाकट्यानें हिमाचें घर बांधावयास घेतलें. राहण्यास लांकडी खोपी होती; हें केवळ शिकण्यासाठीं. हिमघरास हिम कसें हवें? एकाच वादळांत सांचलेलें, एकसारखें घट्ट. निरनिराळ्या वादळांचे थर असलेल्या हिमाचा चिरा मध्येंच फुटतो. धाकट्यानें काठी खुपसून दोन-तीन जागा पाहिल्या आणि एक निवडिली. थोरले जवळच बसून कामुतिकाची दोरी आवळीत होते. चिरे आंत कलते ठेवीत, नागाच्या वेटोळ्यासारखी भिंत वर चढूं लागली. छाती इतकी झाली आणि एका बाजूनें ढांसळली. थोरल्यांनीं मान वर केली नाहीं. धाकट्यानें कांहीं वेळ पडलेल्या चिऱ्यांकडे पाहिलें, मग जाऊन दुसरी जागा निवडिली. या खेपेस भिंत पुरी झाली. तेव्हां थोरले उठले, आंत जाऊन बसले, आणि बाहेर येऊन चहा ठेवावयास गेले.

आम्ही महाविद्यालयांत अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास घेतों आणि त्यांतील सत्तेचाळीस मिनिटें बोलतों. आमचा विद्यार्थी चुकण्यापूर्वींच आम्ही त्यास उत्तर सांगून टाकितों, कारण अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असतो. आमची रीत सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कालिदास किंवा कलनशास्त्र कोणी नुसतें पाहून शिकणार नाहीं. परंतु जी विद्या हातापायांत आणि कानांत वसते, ती सांगून येत नाहीं. ती कोणाच्या तरी शेजारीं बसून येते. आणि तो शेजार एका पिढींत तुटला, तर पुढें ग्रंथालयें धुंडाळूनही ती परत मिळत नाहीं. हा विचार आम्हांस तेथें सहज सुचला नाहीं. पुढच्या दोन दिवसांनीं तो आमच्यासमोर आणून ठेविला.

वादळ आलें. दोन दिवस आणि दोन रात्री खोपीच्या भिंती थरथरत होत्या. आमच्यांतील एकास परतीच्या विमानाची चिंता होती. त्यानें थोरल्यांस चार वेळां विचारलें कीं आपण केव्हां निघणार. चारही वेळां उत्तर एकच: वारा थांबेल तेव्हां. त्यांच्या भाषेंत 'सिला' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ हवामान, घराबाहेरचें जग, आणि शहाणपणही; शहाण्या मनुष्यास ते ज्या शब्दानें ओळखतात तो यापासूनच झालेला आहे. बाहेरची हवा आणि आंतलें शहाणपण यांस एकच शब्द असणें यांत त्या लोकांचें सारें तत्त्वज्ञान आलें, असें आम्हांस त्या खोपींत बसून वाटलें.

दुसऱ्या रात्रीं थोरले आपण होऊन बोलले. वारा कुत्र्यांसारखा रडतो, असें कोणी म्हणालें, त्यावरून निघालें. १९५० नंतरच्या दशकांत आणि त्याच्या पुढच्या दशकांत नुनाविकच्या गांवांतून पोलिसांनीं आणि सरकारी अधिकाऱ्यांनीं इनुइटांचीं गाडीचीं कुत्रीं गोळ्या घालून मारिलीं. मोकळीं कुत्रीं धोक्याचीं, असा कायदा दाखविण्यांत आला. परंतु कुत्र्यांवांचून हे लोक शिकारीस कसे जाणार आणि काय खाणार, याचा विचार कायद्यानें केला नव्हता. थोरले त्या वेळीं चार-पांच वर्षांचे होते. वडिलांचीं सात कुत्रीं एका सकाळीं गेलीं, आणि त्यानंतर वडील कधीं दूर गेले नाहींत. खिडकीशीं बसून असत. 'कुत्र्यांस वाट ठाऊक असते,' थोरले म्हणाले. 'वादळांत डोळे गेले तरी तीं घरीं आणितात. पातळ बर्फ त्यांस वासानें कळतो. यंत्राचें तेल संपलें कीं तें तेथेंच बसतें.' जीं-जीं ठिकाणें त्यांस वडिलांनीं दाखवावयाचीं, त्यांतलीं कांहीं एका चुलत्यानें दाखविलीं; बाकीचीं, त्यांच्याच शब्दांत, वडिलांबरोबर गेलीं.

ही केवळ एका घरची कर्मकथा नव्हे. निवृत्त न्यायाधीश झाँ-झाक क्रोतो यांनीं या प्रकरणाची चौकशी करून २०१० सालीं अहवाल दिला. त्यांत एक हजाराहून अधिक कुत्रीं मारिलीं गेलीं असा अंदाज आहे. क्वेबेक सरकारनें २०११ सालीं झाला प्रकार मान्य केला. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें क्षमा मागितली ती २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं, आणि तीही याच कांगिक्सुयुआक गांवीं. म्हणजे आम्ही तेथें पोंचण्यापूर्वीं चारच महिने. थोरले त्या सभेस हजर होते. क्षमा ऐकून कसें वाटलें, असें आम्हीं विचारलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'माझी आई असती तर बरें झालें असतें.'

सहाव्या दिवशीं वारा पडला आणि आम्ही विवर चढलों. त्याचा कांठ भोंवतालच्या माळापासून कोठें कोठें दीडशें मीटरांहून उंच असून तो फुटलेल्या शिळांचा आहे. शिळांच्या सांदींत मऊ हिम भरलेलें. येथें स्की खालींच ठेविल्या आणि स्नोशूंचा खरा उपयोग झाला. वर पोंचलों तेव्हां पायांखालीं तें प्रचंड पांढरें वर्तुळ पसरलेलें दिसलें. एक झाड नाहीं, एक पक्षी नाहीं. आवाज म्हणाल तर आपल्याच श्वासाचा. लोणारच्या कांठावर उभें राहिलें असतां खालून माकडांचा कलकलाट आणि देवळांतील घंटा ऐकूं येते, गोमुखाची धार पडत असते. येथें तसें कांहीं नव्हतें. तरी तो गोलावा ओळखीचा होता, आणि त्यानें आमचें मन भरून आलें.

पुस्तकांतून या विवराच्या 'शोधा'ची कथा अशी दिलेली असते: १९४३ सालीं अमेरिकन वैमानिकांनीं वरून त्याचें छायाचित्र घेतलें, १९५० सालीं चब नांवाच्या खाणशोधकानें कुतूहल दाखविल्यावरून टोरोंटोच्या संग्रहालयाचे बेन मीन तेथें गेले, आणि विवरास चब याचें नांव मिळालें. पुढें तें प्रांताचें नांव झालें. इनुइटांचें नांव नकाशावर आलें तें सर्वांच्या शेवटीं. पिंगुआलुइत या शब्दाचा संबंध कातडीवर उठणाऱ्या पुटकुळीशीं आहे. भूमीच्या अंगावरची पुटकुळी! ज्यांनीं हें नांव ठेविलें, त्यांनीं हें विवर विमानांतून नव्हे, माळावरून चालत येतांना दुरून पाहिलें असलें पाहिजे. कारण तेथून तें विवर दिसत नाहींच, दिसतो तो फुगवटा. नांवांतच त्यांची वाट साठविलेली आहे.

त्या कांठावर आम्हांस आपल्या गांवगाड्याची आठवण झाली. वाटसरूस आणि सरकारी कामगारास पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत वाट दाखविणें हें पूर्वीं महाराच्या कामांपैकीं एक काम असे. शिवेचा तंटा पडला तर त्याची साक्ष घेत. ज्यास गांवची तसू न् तसू भूमि ठाऊक, त्यास गांवांत घर बांधावयास जागा नव्हती! त्या वतनांतील वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणिलें. तें वतन कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडलें. दोन्ही देशांच्या कथा एक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. एका ठिकाणीं वाट दाखविणें ही वेठ होती आणि ती सुटली हें उत्तमच झालें. दुसऱ्या ठिकाणीं ती जीवनाची विद्या होती आणि ती हिरावून घेण्यांत आली. परंतु दोहों ठिकाणीं लिहिणाऱ्यानें वाट दाखविणाऱ्यास आपल्याहून खालचा मानिलें, आणि दप्तरांत नांव राहिलें तें लिहिणाऱ्याचें. आम्हीही लिहिणाऱ्यांच्याच जातीचे, म्हणून हें येथें नमूद करून ठेवितों.

परततांना पुढें चालण्याचें काम धाकट्याकडे आलें. थोरले यंत्रावर बसून मागून येत होते. वाटेंत धाकट्यानें सांगितलें कीं, गेल्या दोन वर्षांत त्यानें नऊ कुत्रीं पाळिलीं असून नुनाविकमध्यें २००१ पासून होत आलेल्या इवाक्काक नांवाच्या कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतींत एकदां उतरण्याचा त्याचा मानस आहे. कुत्र्यांस पोसण्याचा खर्च फार येतो, असें तो हंसत म्हणाला. आणि त्यांतील सर्वांत पुढचें कुत्रें अजून त्याचें ऐकत नाहीं, मामाचें ऐकतें.

गांव दिसूं लागण्यापूर्वीं एक लांब उतार आहे. त्याच्या माथ्यावर धाकटा थांबला आणि मागें वळला. आम्ही सारे त्याच्या पाठोपाठच होतों. कोणी मागें पडलेलें नव्हतें. तो आमच्या डोक्यांवरून पलीकडे, आलेल्या वाटेकडे, बराच वेळ पाहत राहिला. थोरल्यांनीं यंत्र बंद केलें आणि त्याचें पाहणें पुरें होईपर्यंत ते स्वस्थ बसून राहिले.